न सापडलेल्या अवयवाचीही नोंद हवी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला शिकणारे पाच मित्र आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या प्रयोगशाळेतील अठरा संगणक संध्याकाळपासून सकाळपर्यंत मोकळे असतात आणि ते वापरायला विभागप्रमुखांनी तोंडी होकार दिला आहे. मोठ्या संयुक्त संख्यांचे अवयव पाडून ते जगभरच्या स्वयंसेवकांच्या सामायिक डेटाबेसमध्ये भरण्याचे जे काम चालते, त्यात त्यांना हातभार लावायचा आहे. कोणती संख्या घ्यावी, काम आपसांत कसे वाटावे, तीच संख्या दुसरा कोणी करत असेल तर काय करावे, आणि महिनाभर यंत्रे चालवूनही अवयव मिळाला नाही तर तो महिना वाया गेला असे समजायचे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. महिना वाया जात नाही. मात्र त्या महिन्यात नेमके काय केले हे दुसऱ्याला वापरता येईल अशा रीतीने लिहून ठेवले असेल तरच. नागपुरात बसून अनेक वर्षे हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या क्षेत्रात संगणकाच्या वेगापेक्षा नोंदवहीची शिस्त अधिक मोलाची आहे. नवे स्वयंसेवक नेमके तिथेच कमी पडतात, कारण ते त्यांना कोणी आधी सांगितलेलेच नसते.

अवयव सापडला तर गोष्ट सोपी असते. सापडलेल्या अवयवासाठी कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही. सात एक ओळीने लिहिले की ११११११‍१ ही संख्या होते, आणि तिचे अवयव २३९ आणि ४६४९ आहेत असे मी सांगितले, तर तुम्ही मला ओळखत नसलात तरी कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटांत ते पडताळू शकता. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या संयुक्त आहे हे फ्रेंच गणिती ल्यूका यांनी १८७६ मध्येच सिद्ध केले होते, पण तिचा एकही अवयव माहीत नव्हता. १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव मांडले, आणि तिथे त्यांच्या शब्दावर विसंबून राहण्याची कोणाला गरज नव्हती. गुणाकार जुळला की वाद संपला. फॅक्टरडीबीसारखा सामायिक डेटाबेस याच तत्त्वावर चालतो. कोणीही, कुठूनही अवयव पाठवावा, यंत्रणा भागाकार करून पाहते, बाकी शून्य आली की तो स्वीकारते आणि त्या संख्येची स्थिती बदलते. एकही अवयव माहीत नसलेली संयुक्त संख्या, काही अवयव माहीत असलेली, पूर्ण अवयव पाडलेली, संभाव्य मूळ (चाचणीत मूळ वाटलेली, पण सिद्ध न झालेली), सिद्ध मूळ, आणि जिच्याविषयी अजून काहीच ठरलेले नाही अशी, या प्रमुख स्थिती आहेत.

न सापडलेल्या अवयवाला मात्र असा कोणताही पुरावा नसतो. ‘मी या संख्येवर तीन रात्री यंत्रे चालवली आणि हाती काही लागले नाही’ हे वाक्य गुणाकार करून पडताळता येत नाही. तरीही पुढच्या माणसाने काय करायचे हे त्याच वाक्यावरून ठरते. ते कसे, हे समजण्यासाठी इलिप्टिक कर्व्ह पद्धत, जिला आपण सगळे ईसीएम म्हणतो, ती थोडी समजून घ्यावी लागेल.

हेंड्रिक लेन्स्ट्रा यांची ही पद्धत १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, लागणारा वेळ मुख्यतः शोधल्या जाणाऱ्या अवयवाच्या आकारावर अवलंबून असतो. जिचे अवयव पाडायचे ती संख्या किती मोठी आहे याचा परिणाम त्या मानाने कमी होतो. तुम्ही एक वक्र, म्हणजे एका समीकरणाने ठरणारी वक्ररेषा, निवडता. संख्येत दडलेल्या प्रत्येक मूळ अवयवाच्या दृष्टीने त्या वक्रावर ठरावीक इतके बिंदू असतात, आणि बिंदूंची ही संख्या त्या अवयवाच्याच आसपासची असते. ती जर लहान लहान मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली निघाली, तर अवयव बाहेर पडतो. नाही निघाली तर तो वक्र सोडून दुसरा घ्यायचा. ‘लहान’ म्हणजे किती लहान, हे दोन मर्यादा ठरवतात: बी-१ ही जवळपास सर्व मूळ संख्यांसाठीची मर्यादा आणि बी-२ ही उरलेल्या एका मोठ्या मूळ संख्येसाठीची. वक्र कोणता, हे सिग्मा नावाच्या एका आकड्यावरून ठरते आणि तो आकडा यदृच्छेने निवडला जातो. म्हणून प्रत्येक वक्र ही एक स्वतंत्र सोडत असते.

अनुभवाने आणि गणिताने ठरलेले आकडे जीएमपी-ईसीएम या प्रोग्रॅमसोबत मिळतात. ४० अंकी अवयवासाठी बी-१ तीस लाख ठेवून सुमारे २३५० वक्र, ४५ अंकींसाठी एक कोटी दहा लाख ठेवून सुमारे ४४८०, ५० अंकींसाठी चार कोटी तीस लाख ठेवून सुमारे ७५५३, आणि ५५ अंकींसाठी अकरा कोटी ठेवून सुमारे १७७६९ वक्र. आता इथे सर्वांचा गैरसमज होतो. ४४८० वक्र पूर्ण झाले म्हणजे ४५ अंकी अवयव नाही असे ठरत नाही. तितके वक्र चालवूनही असा अवयव निसटण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. दुप्पट वक्र चालवले तर ती साडेतेरा टक्क्यांवर येते, तिप्पट चालवले तर पाच टक्क्यांवर. म्हणजे ईसीएमचे काम ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ असे दोनच शब्दांत सांगता येत नाही. ते किती खोलीपर्यंत झाले, हे आकड्यातच सांगावे लागते.

आणि याच गोष्टीमुळे अनोळखी माणसे एकत्र काम करू शकतात. सोडती स्वतंत्र असल्यामुळे त्यांची बेरीज करता येते. ब्राझीलमधल्या कोणी हजार वक्र केले, पोलंडमधल्या कोणी दोन हजार केले आणि तुम्ही नागपुरात पंधराशे केले, तर त्या संख्येवर साडेचार हजार वक्र झाले, आणि पुढच्याने वरच्या पातळीवर जायला हरकत नाही. ब्राझीलच्या माणसाने आपले हजार वक्र लिहून ठेवले नाहीत, तर तेच काम कोणीतरी पुन्हा करणार. त्याने हजारऐवजी पाच हजार लिहिले, तर नुकसान त्याहून मोठे होते: सगळे पुढे निघून जातात आणि सहज हाती लागला असता असा अवयव मागे राहतो. मग त्याच संख्येवर कोणीतरी महिनाभर मोठी चाळणी (सीव्ह, म्हणजे अवयव पाडण्याची दुसरी, जास्त खर्चिक पद्धत) लावून तो अवयव शेवटी काढतो, आणि तेव्हा कळते की तो ४३ अंकी होता.

असाच एक प्रसंग आमच्या हातून घडला आहे आणि तो मी तपशिलाने सांगतो, कारण तुमची मांडणी आमच्या तेव्हाच्या मांडणीशी फार मिळतीजुळती आहे. आठ यंत्रे होती. एका यंत्रावर स्क्रिप्ट लिहिली, तिची चाचणी घेताना निकाल पुन्हा पुन्हा तसाच यावा म्हणून सिग्मा यदृच्छेने न घेता एका ठरावीक आकड्यापासून एकेकाने वाढत जाईल असे केले, आणि चाचणी झाल्यावर ती ओळ काढायची राहून गेली. तीच स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून उरलेल्या सात यंत्रांवर गेली. प्रत्येक यंत्राने पाचशे वक्र पूर्ण केले आणि आम्ही वहीत चार हजार लिहिले. खरे म्हणजे आठही यंत्रांनी तेच पाचशे वक्र चालवले होते. दोन आठवड्यांनी एका यंत्राची डिस्क भरत आली म्हणून जुन्या नोंदींच्या फाइल एकत्र करत होतो, तेव्हा दोन फाइल शेजारी शेजारी उघडल्या आणि सिग्माचे आकडे ओळीमागून ओळ सारखेच दिसले. आकड्यांची ती यादी शेवटपर्यंत वाचूनही मला काही वेळ विश्वास बसला नाही. आम्ही त्याच रात्री कळवले की चार हजारांची नोंद चुकीची आहे, ती पाचशे करावी. तोपर्यंत दुसऱ्या एकाने आमच्या आकड्यावर विसंबून त्याच संख्येवर वरच्या पातळीचे काम सुरू केले होते. त्याने एका शब्दानेही दोष दिला नाही. परंतु दिलेली बेरीज नंतर मागे घेण्याची वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही, हे मी तेव्हापासून पाळत आलो आहे.

म्हणून तुमच्या नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात असा माझा आग्रह आहे. संख्या केवळ ‘ती १५३ अंकी’ अशी लिहू नका. तिचे सूत्र, आणि त्यातून आधी निघालेले अवयव काढून उरलेल्या भागाचे पहिले व शेवटचे पाच-सहा अंक लिहा, कारण मध्येच कोणी एक लहान अवयव काढला तर तुम्ही जुन्याच संख्येवर काम करत राहाल. बी-१ लिहा, बी-२ प्रोग्रॅमने स्वतः ठरवलेली होती की तुम्ही दिली होती ते लिहा, प्रोग्रॅमची आवृत्ती लिहा. वक्रांची संख्या म्हणजे पूर्ण झालेल्या वक्रांची संख्या. ज्यांचा बी-१ पर्यंतचा पहिला टप्पा झाला आणि बी-२ पर्यंतचा दुसरा राहिला, ते वेगळे लिहा किंवा सोडून द्या. मूळ नोंदींच्या फाइल, ज्यात प्रत्येक वक्राचा सिग्मा येतो, त्या कॉम्प्रेस करून एका ठिकाणी जपून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा सगळ्या यंत्रांचे सिग्मा एकत्र क्रमाने लावून एकही आकडा दोनदा आलेला नाही ना, हे पाहा. संगणकाला या तपासणीला काही क्षण पुरतात.

आणखी एक तपासणी मी प्रत्येक नव्या यंत्रावर करतो. ज्या संख्येचा अवयव आधीच माहीत आहे आणि तो कोणत्या सिग्मावर व कोणत्या बी-१ ला सापडला हेही माहीत आहे, अशी एक संख्या त्या यंत्राला द्यावी आणि तोच अवयव निघतो का ते पाहावे. मेमरी सदोष असेल तर यंत्र वरवर नीट चालते, वक्र मोजते, कुठेही चूक दाखवत नाही आणि अवयव मात्र कधीच सापडत नाही. मर्सेन मूळ संख्यांच्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांच्या) शोधमोहिमेत, जी १९९६ पासून चालू आहे, चाचणीच्या शेवटी एक शेषांक उरतो, आणि दोन वेगळ्या यंत्रांवरचे शेषांक ताडून पाहता येतात. ईसीएमच्या निष्फळ वक्रासाठी अशी पडताळणी कोणी करत बसत नाही, म्हणून यंत्र आधीच पारखून घ्यावे लागते.

आता संख्या कोणती घ्यावी याकडे वळतो. ७०, ८०, ९० अंकी संयुक्त संख्या घेऊ नका. त्या एका चांगल्या यंत्रावर क्वाड्रॅटिक सीव्ह या चाळणीने काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत पडतात, आणि अशा संख्या शोधून पाडत राहणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा लोकांनी लावून ठेवलेल्या आहेत. तुम्ही काम संपवेपर्यंत उत्तर तिथे येऊन पडलेले असेल. हाताळणी शिकण्यासाठी मात्र एखादी १०० अंकी आणि मग एखादी १२० अंकी संख्या घरच्या यंत्रावर जरूर पाडा. १०० अंकांच्या आसपास क्वाड्रॅटिक सीव्ह मागे पडते आणि नंबर फील्ड सीव्ह ही दुसरी चाळणी पुढे जाते, आणि त्यानंतर साधारण दर पाच अंकांना काम दुप्पट होते, हे स्वतःच्या घड्याळावर एकदा पाहिले की संख्या निवडताना हाव सुटत नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला साजेशी संख्या हवी असेल तर मी एकांच्या संख्यांकडे, म्हणजे ११, १११, ११११ अशा ओळीकडे बोट दाखवीन. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना ६१७४ या आकड्यासाठी सगळे ओळखतात, पण डोंबिवलीच्या जुन्या स्टेशननावावरून त्यांनी ‘डेमलो’ असे नाव दिलेल्या संख्यांमध्ये १२१, १२३२१ अशा संख्या येतात, आणि त्या या एकांच्या संख्यांचेच वर्ग आहेत. १२३४५६७८९८७६५४३२१ ही नऊ एकांचा वर्ग. आणि नऊ एक म्हणजे ३ चा वर्ग, ३७ आणि ३३३६६७ यांचा गुणाकार. या ओळीतील १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मूळ आहेत, पैकी १०३१ एकांची सिद्धता १९८६ मध्ये झाली. बाकीच्या बहुतेक संयुक्त आहेत आणि त्यांपैकी कित्येकांचे अवयव अजून अपुरे आहेत. कनिंगहॅम प्रकल्पाच्या कोष्टकांत काही ठरावीक पायांच्या घातांत १ मिळवून किंवा वजा करून होणाऱ्या संख्यांचे अवयव नोंदतात, आणि त्यांतही १० हा पाया आहेच. ज्यांच्या नावाने ही कोष्टके ओळखली जातात ते ॲलन कनिंगहॅम दिल्लीत जन्मलेले लष्करी अभियंते होते आणि त्यांनी रुरकीच्या महाविद्यालयात काही वर्षे शिकवलेही होते. त्यांनी वुडॉल यांच्यासोबत १९२५ मध्ये छापलेली कोष्टके आजही पुढे वाढवली जात आहेत. शंभर वर्षे एकच वही हातोहात पुढे जात राहिली, याचे मला फार अप्रूप वाटते.

या संख्यांवर यंत्र लावण्याआधी हाताने जे निघते ते काढून घ्या. संख्येत एक किती आहेत तो आकडा संयुक्त असेल तर बीजगणितानेच अवयव मिळतात: ११११११ अशा सहा एकांचे १११ गुणिले १००१ होतात, १११ म्हणजे ३ गुणिले ३७ आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. तो आकडा २ पेक्षा मोठा आणि मूळ असेल तर प्रत्येक मूळ अवयवाला त्या आकड्याच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ उरते (तीन एकांमधला ३ हा एवढाच अपवाद). वरच्या उदाहरणात २३९ म्हणजे १४ गुणिले १७ अधिक १, आणि ४६४९ म्हणजे १४ गुणिले ३३२ अधिक १. शाळेतल्या मुलालाही करता येईल अशी ही पडताळणी पाठवण्यापूर्वी करून पाहावी. आकडा चिकटवताना एखादा अंक गळाला असेल तर तो बहुधा इथेच पकडला जातो.

दुसरा पर्याय विभाजक-बेरजेच्या मालिकांचा आहे. संख्येच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज करायची, त्या बेरजेचे पुन्हा तसेच करायचे. १२ पासून निघालो तर १६, १५, ९, ४, ३, १ असे होऊन मालिका संपते. २७६ पासून निघालो तर ३९६, ६९६ असे पुढे जात जात संख्या इतक्या मोठ्या होतात की ही मालिका संपते का, हे आजवर कोणाला ठाऊक नाही. ज्यांचे भवितव्य माहीत नाही अशा आरंभसंख्यांमध्ये २७६ सर्वांत लहान आहे. प्रत्येक पायरीला पूर्ण अवयव लागतात, आणि मागची पायरी झाल्याशिवाय पुढची कळत नाही. त्यामुळे दोन गट एकाच मालिकेवर बसले तर एकाचे सगळे श्रम फुकट जातात. इथे मालिका राखून ठेवण्याला, म्हणजे ती आपण घेतली आहे असे इतरांना आधी कळवण्याला, पर्याय नाही.

राखून ठेवण्याविषयी मी थोडे कडकपणे लिहितो. एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकावा आणि माणूस गाडीत चढूच नये, असे अनेक संख्यांचे होते. कोणीतरी उत्साहात नाव लावतो, परीक्षा येतात, नोकरी लागते, आणि ती संख्या दोन-दोन वर्षे अडून राहते, कारण दुसरे सभ्य लोक तिला हात लावत नाहीत. म्हणून नाव लावताना मुदत लिहा, ती मुदत पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि वाढवायची असेल तर तोवर झालेल्या वक्रांची संख्या देऊनच वाढवा. ईसीएमसाठी मुळात राखण्याची गरज कमी आहे, कारण दोघांनी एकाच संख्येवर वक्र चालवले तरी ते मिळवले जातात. नंबर फील्ड सीव्हची तयारी असेल तेव्हाच संख्या राखा.

तुमच्या अठरा यंत्रांचा हिशेब मी असा मांडतो. प्रत्येकी चार कोअर धरले तर बहात्तर कोअर, आणि रात्रीचे दहा तास. १५० अंकी संख्येवर बी-१ चार कोटी तीस लाख ठेवून एका वक्राला सहा मिनिटे लागतात असे धरा, तर ७५५३ वक्रांना सुमारे ७५५ कोअर-तास, म्हणजे साधारण साडेदहा तास, म्हणजे एक रात्र. अकरा कोटींच्या पातळीला एका वक्राला पंधरा मिनिटे धरली तर १७७६९ वक्रांना सुमारे सहा रात्री. तुमच्या यंत्रांची खरी मिनिटे पहिल्याच संध्याकाळी मोजा आणि हा हिशेब पुन्हा करा. संख्येच्या अंकांच्या तिसऱ्या भागाहून थोड्या कमी अंकांपर्यंत ईसीएम झाले की चाळणीकडे वळावे, हा ठोकताळा मी पाळतो. १५० अंकींसाठी ती पातळी ४५ च्या जरा पुढे येते.

चाळणीचे काम वाटणे सोपे आहे आणि ते फार पूर्वीपासून वाटले गेले आहे. आरएसए या गुप्तलेखन पद्धतीच्या १२९ अंकी संख्येचे आव्हान १९७७ मध्ये जाहीर झाले होते. एप्रिल १९९४ मध्ये ती पडली, तेव्हा सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी सोळाशे यंत्रांवर आठ महिने चाळणी करून ईमेलने तुकडे पाठवले होते. आज एनएफएस (नंबर फील्ड सीव्ह) ॲट होमसारखे प्रकल्प तेच काम बॉइंक या स्वयंसेवकांच्या संगणकांना काम वाटणाऱ्या प्रणालीमार्फत करतात. तुम्ही स्पेशल-क्यूचा, म्हणजे चाळणीला द्यायच्या आकड्यांचा, पट्टा पाच भागांत विभागा आणि प्रत्येकाने आपल्या पट्ट्याच्या सीमा लिहून ठेवा. चाळणीतून निघणारी प्रत्येक ‘रिलेशन’ ही आकड्यांमधला एक संबंध सांगणारी ओळ असते आणि ती खरी की खोटी हे एकट्याने तपासता येते, त्यामुळे इथे विश्वासाचा प्रश्न पुन्हा सुटतो. बिघडलेल्या यंत्राच्या ओळी गाळल्या जातात, एवढेच. या सगळ्या ओळी एकत्र जुळवण्याचा शेवटचा मॅट्रिक्सचा टप्पा मात्र तुम्हाला वाटता येणार नाही. तो ज्याच्याकडे सर्वांत जास्त मेमरी आहे अशा एकाच यंत्रावर करावा. २५० अंकी आरएसए संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये पडली तेव्हा एकूण सुमारे २७०० कोअर-वर्षे लागली, त्यामुळे त्या दिशेला सध्या पाहू नका. १४० ते १५० अंक हे तुमच्यासाठी या उन्हाळ्याचे योग्य काम आहे.

नागपूरचा उन्हाळा या हिशेबात धरावाच लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद प्रयोगशाळा रात्री अकरालाही तापलेलीच असते. प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे चारऐवजी तीन कोअर चालवले तर कित्येकदा रात्रीचे काम तितकेच होते आणि यंत्र टिकते. खसचा कूलर यंत्रांच्या तोंडावर लावू नका. ती दमट हवा आणि खिडकीतून येणारी धूळ मिळून पंख्यांवर चिखलासारखा थर बसतो, आणि तो थर मी स्वतः टूथब्रशने खरवडून काढला आहे. वीज जाण्याची वेळ वळवाच्या पावसाआधी, संध्याकाळी वारा सुटतो तेव्हाची असते. मॅट्रिक्सच्या टप्प्यात प्रोग्रॅम ठरावीक अंतराने आपली स्थिती साठवतो; ती फाइल खरोखर लिहिली जाते आहे का, आणि तिच्यापासून काम पुन्हा सुरू होते का, हे पहिल्याच तासात मुद्दाम प्रोग्रॅम थांबवून पाहा. एका यंत्राला दीडशे वॉट धरले तर दहा तासांत दीड युनिट, अठरा यंत्रांचे एका रात्रीत सत्तावीस युनिट. हा आकडा विभागप्रमुखांपुढे ठेवा आणि तोंडी होकाराऐवजी लेखी परवानगी घ्या. बिल आल्यावर प्रश्न विचारला जाण्यापेक्षा तो आधीच विचारलेला बरा, आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांनाही पडदा काळा असला तरी यंत्र चालू आहे हे नीट समजावून सांगा.

एक गोष्ट राहिली. अवयव निघाल्यावर उरलेला मोठा भाग ‘संभाव्य मूळ’ असा दिसेल. ती सिद्धता नव्हे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे अंक वाढले तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, ठरवता येते हे २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवले, आणि त्याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. पण रोजच्या कामात सिद्धतेसाठी इलिप्टिक कर्व्हवर आधारलेलीच पद्धत वापरली जाते आणि तिच्यातून एक प्रमाणपत्र निघते, जे दुसऱ्याला मूळ कामापेक्षा पुष्कळ कमी वेळात तपासता येते. दीडशे अंकांच्या आतल्या संख्येला ही सिद्धता फार वेळ घेत नाही. ती करूनच पाठवा.

महाविद्यालय जूनअखेर उघडेल. प्रयोगशाळा परत द्यायच्या आदल्या दिवशी राखलेली प्रत्येक संख्या मोकळी झाल्याचे कळवा, अपुऱ्या राहिलेल्या चाळणीच्या रिलेशन्स कोणाला हव्यात का ते विचारा, आणि प्रत्येक संख्येपुढे बी-१ व पूर्ण झालेल्या वक्रांची बेरीज लिहून पाठवा, मग अवयव सापडलेला असो वा नसो. पहिल्या आठवड्याच्या सिग्माच्या फाइल मला दाखवल्यात तर बरे होईल. रविवारी सकाळी धरमपेठेत मी घरी असतो, आपण त्या एकत्र बसून तपासू.